ओझे कोणाच्या पाठीवर?

चित्र हे पाहावयाचे असते. ते कानांनी ऐकविणे म्हणजे पक्वान्नाचे वर्णन करून भूक भागविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. सामान्य चित्राच्या बाबतीत हे बरोबरही आहे. राजकीय व्यंगचित्राची गोष्ट मात्र थोडी निराळी. चांगल्या व्यंगचित्रात एक विधान असते, आणि विधान सांगता येते. रेषेचा डौल किंवा रंगांची संगती श्रोत्याच्या पदरात पडणार नाही; परंतु चित्रकाराला काय म्हणावयाचे होते आणि ते म्हणण्यासाठी त्याने कोणाला कोणाच्या खांद्यावर बसविले, एवढे शब्दांनी खात्रीने सांगता येते. अमेरिकेच्या साम्राज्यशाहीवर व्यंगचित्रकारांनी जी टीका केली, तिचा विचार करू लागले असता सारा प्रश्न बहुधा याच एका मुद्द्यावर येऊन ठेपतो: कोण कोणाला वाहून नेत आहे?

अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे राष्ट्रच मुळी एका साम्राज्याविरुद्ध बंड करून जन्मास आले. सरकारची न्याय्य सत्ता ही शासितांच्या संमतीतून उत्पन्न होते, हे तत्त्व त्याने १७७६ सालच्या जाहीरनाम्यात जगापुढे मांडले. पुढे या राष्ट्राने पश्चिमेकडे पाय पसरले, मूळच्या रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले, १८४८ साली मेक्सिकोचा मोठा मुलूख आपल्या नकाशात ओढून घेतला. तरीही दूर समुद्रापलीकडच्या लक्षावधी लोकांवर त्यांच्या संमतीवाचून राज्य करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. तो १८९८ साली आला. स्पेनच्या जुलमाविरुद्ध क्यूबाचे लोक लढत होते. त्यांना सोडविण्यासाठी म्हणून अमेरिकेने एप्रिल महिन्यात स्पेनशी युद्ध पुकारले, आणि क्यूबा आपल्या राज्यास जोडणार नाही असे वचनही त्याच वेळी दिले. ऑगस्टात लढाई थांबली. पोर्टो रिको, ग्वाम आणि फिलिपाईन बेटे एवढा मुलूख अमेरिकेच्या हाती आला. त्याच उन्हाळ्यात हवाई बेटेही खालसा झाली. १० डिसेंबर रोजी पॅरिस येथे झालेल्या तहात फिलिपाईन बेटांपोटी स्पेनला दोन कोटी डॉलर देण्याचे ठरले. ज्यांच्या देशाचा हा सौदा झाला, त्या फिलिपिनो लोकांनी आपले स्वातंत्र्य १२ जून रोजीच पुकारले होते. त्यांच्या वकिलाला तहाच्या बैठकीत शिरकाव मिळाला नाही. ४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाजवळ अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यांत गोळी सुटली आणि दुसरे युद्ध सुरू झाले. सोडविण्यास म्हणून ओसरीवर आलेला पाहुणा आता माजघरात शिरला होता.

या घडामोडींच्या वेळी अमेरिकेत व्यंगचित्राचा सुवर्णकाळ चालू होता. 'पक', 'जज' आणि 'लाइफ' ही तीन विनोदी साप्ताहिके घरोघर जात. यांपैकी 'लाइफ' हे पुढे छायाचित्रांसाठी प्रसिद्ध झालेले साप्ताहिक नव्हे. त्या जुन्या पत्राचे केवळ नाव १९३६ साली विकत घेण्यात आले. 'पक' आणि 'जज' यांतील मोठाली चित्रे शिळाछापावर अनेक रंगांत निघत. दैनिकांतही चित्रांची चढाओढ लागली होती. जोसेफ पुलित्झरचे 'वर्ल्ड' आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्टचे 'जर्नल' या न्यूयॉर्कमधील दोन पत्रांनी एकमेकांवर ताण करण्यासाठी एकाच चित्रकाराचा पिवळ्या झग्यातला एक पोर पळविला, आणि त्या पिवळ्या पोरावरूनच भडक वृत्तपत्रांना 'पीत' हे विशेषण मिळाले. चित्राचे सामर्थ्य राजकारणी पुरुषांनी केव्हाच ओळखले होते. १८७० नंतरच्या काळात टॉमस नास्ट याने न्यूयॉर्कचा लाचखाऊ पुढारी ट्वीड याला आपल्या चित्रांनी इतके बदनाम केले, की तो स्पेनमध्ये पळून गेला असता १८७६ साली तेथील अधिकाऱ्यांनी त्याला नास्टच्या चित्रावरून ओळखून पकडले. लेख न वाचणाराही चित्र पाहतोच, हे सत्ताधाऱ्यांचे खरे दुखणे होते.

परंतु हे शस्त्र दुधारी होते, आणि १८९८ साली त्याची पहिली धार साम्राज्याच्याच बाजूने चालली. १५ फेब्रुवारी रोजी हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि अडीचशेहून अधिक खलाशी दगावले. स्फोट बहुधा जहाजाच्या आतच झाला असावा, असा निष्कर्ष अमेरिकन नौदलाच्या ॲडमिरल रिकोव्हर यांनी पुढे १९७६ साली काढला. त्या वेळी मात्र दोष स्पेनच्या माथी मारून वृत्तपत्रांनी रान उठविले. त्या दिवसांतल्या चित्रांतून क्यूबा ही एक सुंदर तरुणी असे. केस मोकळे, हात बांधलेले, नजर उत्तरेकडे लागलेली आणि मागे सुरा उगारलेला स्पॅनिश राक्षस. वर्ण गोरा, नाकडोळे युरोपियन. युद्ध संपले आणि काही महिन्यांतच ही तरुणी चित्रांतून नाहीशी झाली. तिच्या जागी एक काळेसावळे, हट्टी, रडके पोर आले. अंकल सॅमने त्याला आंघोळ घालावी, शाळेत बसवावे, प्रसंगी छडी दाखवावी असा नवा प्रकार सुरू झाला. क्यूबाचे लोक बदलले नव्हते. सोडविण्याच्या वेळी जी अबला हवी होती, तिला राज्य करण्याच्या वेळी अज्ञान बालक करणे सोयीचे होते, एवढेच.

अंकल सॅमच्या मनातले हे काही दूरच्या लोकांना आधीच दिसले होते. स्पेनमधील बार्सिलोना येथून निघणाऱ्या 'ला काम्पाना दे ग्रासिया' या पत्रात मानुएल मोलिने याने १८९६ सालीच, म्हणजे युद्धाच्या दोन वर्षे आधी, अधाशी अंकल सॅम क्यूबाच्या बेटावर हात टाकीत असल्याचे चित्र काढले होते. अर्थात हा चित्रकार स्वतःच क्यूबावर राज्य करणाऱ्या देशाचा नागरिक होता. एका मालकाने दुसऱ्या होऊ घातलेल्या मालकाला चोर म्हणावे, तसा हा प्रकार होता. टीका खरी असली तरी टीकाकाराचे हात स्वच्छ असतातच असे नाही.

फेब्रुवारी १८९९ मध्ये या वादाला एक घोषवाक्य मिळाले. रडयार्ड किपलिंग या इंग्रज कवीने अमेरिकनांना उद्देशून 'गोऱ्या माणसाचे ओझे' या अर्थाच्या नावाची कविता प्रसिद्ध केली. मागासलेल्या लोकांना सुधारण्याचे कष्टाचे आणि कृतघ्नतेचे काम गोऱ्या माणसाने आपल्या शिरावर घेतले पाहिजे, असा तिचा आशय. हा कवी १८६५ साली मुंबईत जन्मला, आणि त्याचा बाप सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिकवीत असे. तेव्हा ज्यांचे 'ओझे' त्याने गायिले, ते लोक त्याने पाळण्यातून पाहिले होते. ही कविता निघाल्यावर दोन महिन्यांच्या आत दोन अमेरिकन चित्रकारांनी ती चित्रात उतरविली, आणि ती दोन चित्रे शेजारी ठेवली असता साऱ्या वादाचा उलगडा होतो.

त्यांतले उशिराचे चित्र आधी सांगणे सोयीचे आहे. १ एप्रिल १८९९ च्या 'जज'मध्ये व्हिक्टर गिलम याने एक खडा डोंगर दाखविला. डोंगराच्या खडकांवर अज्ञान, क्रौर्य, अंधश्रद्धा अशी नावे कोरलेली आणि वर दूर शिखरावर संस्कृतीची झळाळती देवता. पुढे घामाघूम झालेला जॉन बुल, मागे धापा टाकणारा अंकल सॅम. दोघांच्या पाठीवर मोठाले करंडे. जॉन बुलच्या करंड्यात चीन, हिंदुस्थान, इजिप्त, सुदान आणि झुलू. अंकल सॅमच्या करंड्यात फिलिपाईन, पोर्टो रिको, क्यूबा, हवाई आणि सामोआ. करंड्यांतली माणसे विद्रूप आणि रानटी दाखविली आहेत. या चित्राप्रमाणे राज्यकर्ता हा हमाल आणि प्रजा हे ओझे.

दुसरे चित्र याच्या आधी अवघ्या सोळा दिवसांनी, १६ मार्च रोजी, 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर आले होते. चित्रकार विल्यम वॉकर. त्याने किपलिंगचेच शीर्षक घेतले आणि 'गोऱ्या' या शब्दापुढे कंसात एक उद्गारचिन्ह टाकले. चित्रात अंकल सॅम, जॉन बुल आणि जर्मनीचा कैसर हे तिघे पुढे आहेत. पण ते चालत नाहीत. ते वाकलेल्या, दमलेल्या, काळ्यासावळ्या माणसांच्या पाठीवर आरामात बसले आहेत. वॉकरने नवा युक्तिवाद केला नाही, आकडे दिले नाहीत, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्याने फक्त स्वार आणि वाहन यांची अदलाबदल केली. ओझे आहे हे कबूल. ते कोणाच्या पाठीवर आहे, एवढेच त्याने विचारले.

व्यंगचित्राची खरी युक्ती येथे उघडी पडते. साम्राज्य हे तोफांवर जितके चालते, तितकेच उपमांवर चालते. राज्य करणे म्हणजे ओझे वाहणे, शाळा चालविणे, मूल वाढविणे, अंधारात दिवा नेणे. अशा उपमा भाषणात ऐकल्या की गोड वाटतात, कारण भाषणात उपमेला शरीर नसते. चित्रकाराला मात्र शरीर काढावेच लागते. ओझे म्हटले की पाठ काढावी लागते, शाळा म्हटली की बाके आणि छडी काढावी लागते. मग त्या उपमेचे जे अंग वक्त्याने झाकून ठेवलेले असते, ते पाहणाऱ्याच्या नजरेस पडल्यावाचून राहात नाही.

कित्येकदा चित्रकाराच्या मनात नसतानाही असे घडते. २५ जानेवारी १८९९ च्या 'पक'मध्ये लुई डॅलरिंपल याने काढलेले शाळेचे प्रसिद्ध चित्र याची साक्ष आहे. अंकल सॅम मास्तर आहे. पुढच्या बाकावर फिलिपाईन, हवाई, पोर्टो रिको आणि क्यूबा ही चार सावळी, नाराज पोरे बसली आहेत. मागे कॅलिफोर्निया, टेक्सास वगैरे जुने, गोरे, शहाणे विद्यार्थी वाचनात गढले आहेत. शासितांची संमती ही तत्त्वतः चांगली गोष्ट असली तरी व्यवहारात क्वचितच आढळते. इंग्लंडने वसाहतींवर त्यांच्या संमतीची वाट न पाहता राज्य केले आणि त्यामुळे जगाचे कल्याण झाले, अशा आशयाचा धडा फळ्यावर लिहिला आहे. १७७६ च्या जाहीरनाम्याचा असा निकाल लावणारा हा फळा पाहून वाचकाने हसावे की मान डोलवावी? त्याहून बोलके आहेत ते वर्गाचे कोपरे. दाराजवळ अमेरिकेचा मूळ रहिवासी पुस्तक उलटे धरून एकटा बसला आहे. एक कृष्णवर्णीय माणूस शिडीवर चढून खिडक्या पुसतो आहे. एक चिनी मुलगा उंबरठ्याबाहेर उभा आहे. शाळेची कीर्ती गावयास निघालेल्या चित्राने या शाळेत पूर्वी दाखल झालेल्यांचे काय झाले, याचा हिशेबही पानावर मांडून ठेवला.

साम्राज्यविरोधी पक्ष अमेरिकेत लहान नव्हता. १८९८ साली बोस्टन येथे साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला. माजी अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड, धनाढ्य कारखानदार अँड्र्यू कार्नेगी, कामगारांचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स अशी एकमेकांशी एरवी न जुळणारी माणसे त्यात एकत्र आली. मार्क ट्वेन हा १९०१ पासून मरेपर्यंत त्या संघाचा एक उपाध्यक्ष होता. फिलिपाईन बेटांसाठी वेगळे निशाण हवे असेल तर अमेरिकेच्याच निशाणावरचे पांढरे पट्टे काळे रंगवून ताऱ्यांच्या जागी कवटी आणि हाडे काढावीत, अशी सूचना त्याने १९०१ च्या एका लेखात केली. हे शब्दांनी काढलेले व्यंगचित्रच होय.

तथापि या विरोधकांच्या चित्रांत एक मोठे वैगुण्य होते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नवे मुलूख घेऊ नयेत असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना तेथील लोकांच्या स्वातंत्र्याची चाड नव्हती. अशा वर्णाचे लोक आपल्या प्रजासत्ताकात नकोत, एवढीच त्यांची भीती होती. दक्षिण कॅरोलायनाचा सिनेटर बेंजामिन टिलमन हा स्वतःच्या राज्यातील कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्यात पुढे होता, आणि तोच सिनेटमध्ये फिलिपाईन बेटे घेण्याविरुद्ध बोलत होता. याचा परिणाम चित्रांवर झाला. विस्तारवाद्यांच्या चित्रात फिलिपिनो हा सुधारता येण्याजोगा रानटी असे. विरोधकांच्या चित्रात तो पुष्कळदा सुधारता न येण्याजोगा रानटी असे. एकजण म्हणे, हे पोर पदरात घ्या. दुसरा म्हणे, हे पोर दारात नको. ते पोर नसून प्रौढ माणूस आहे, त्याने घटना लिहिली आहे, त्याचे सरकार आहे, सैन्य आहे, ही गोष्ट दोघांच्याही कुंचल्यातून निसटली. एमिलिओ अग्विनाल्दो हा त्या सरकारचा अध्यक्ष; पण 'पक' आणि 'जज' यांच्या पानांवर तो पुष्कळदा हातपाय आपटणाऱ्या पोराच्या रूपाने आला.

१९०० साली अध्यक्षाची निवडणूक झाली. साम्राज्य हवे की नको, हाच मुख्य प्रश्न आहे असे विल्यम जेनिंग्ज ब्रायन याने मांडले, आणि तो हरला. मॅकिन्ले पुन्हा निवडून आले. चित्रे हरली असेच कोणालाही वाटले असते. परंतु १९०२ साली फिलिपाईन्समधील युद्धाची खरी हकीकत बाहेर येऊ लागली, आणि मग दोन अशी चित्रे निघाली, की ज्यांत विनोदाचा अंशही उरला नव्हता.

२८ सप्टेंबर १९०१ रोजी सामार बेटावरील बालांगिगा या गावी फिलिपिनोंनी अचानक हल्ला करून ४८ अमेरिकन सैनिक मारले. त्याचा सूड म्हणून जनरल जेकब स्मिथ याने ते बेट उजाड करण्याचा आणि शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला ठार मारण्याचा हुकूम दिला. वयाची मर्यादा काय, असे हाताखालच्या अधिकाऱ्याने विचारले असता, दहा वर्षे, असे उत्तर मिळाले. हे सारे १९०२ च्या वसंतात लष्करी न्यायालयापुढे उघड झाले. ५ मे १९०२ रोजी हर्स्टच्या न्यूयॉर्कमधील पत्रात चित्र आले. डोळे बांधलेली लहान मुले ओळीने उभी आहेत. समोर अमेरिकन शिपाई बंदुका रोखून आहेत. वर राष्ट्राच्या ढालीवर गरुडाऐवजी गिधाड बसले आहे. खालच्या ओळीचा आशय असा, की आम्ही फिलिपाईन्स घेण्यापूर्वी दहा वर्षे जन्मास आली, हाच या मुलांचा गुन्हा. चार वर्षांपूर्वी युद्धाची आग फुंकणाऱ्यांत हर्स्टचीच पत्रे आघाडीवर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या चित्राचे वजन कळते. स्मिथला शिक्षा झाली ती केवळ ताकिदीची. पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला सेवेतून निवृत्त केले.

त्याच महिन्यात, २२ मे रोजी, 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर दुसरे चित्र आले. अमेरिकन शिपायांनी एका फिलिपिनोला जमिनीवर दाबून धरले आहे आणि त्याच्या तोंडात नरसाळे घालून पाणी ओतले जात आहे. बातमी काढून घेण्यासाठी हा छळ सर्रास होत असल्याच्या साक्षी त्या सुमारास सिनेटच्या समितीपुढे चालू होत्या. मागे युरोपातील साम्राज्यांचे प्रतिनिधी उभे राहून हसत आहेत. हे धर्मशील यँकी आता आपल्याला दगड मारू शकणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडी आहेत. स्पेनने क्यूबात खेडुतांना छावण्यांत कोंडले म्हणून १८९८ साली अमेरिकेने त्याला कसाई ठरविले होते. आता तशाच छावण्या अमेरिकन जनरलांनी बातांगास प्रांतात उभारल्या होत्या. या चित्रात पाणी पिणाऱ्याला बाळ केलेले नाही, राक्षस केलेले नाही. तो माणूस आहे आणि त्याचे हाल होत आहेत. अमेरिकन टीकाचित्राला फिलिपिनो माणूस दिसावयास तीन वर्षे लागली.

या युद्धात ४,२०० हून अधिक अमेरिकन आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो सैनिक मेले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांनी दोन लाखांपर्यंत सामान्य फिलिपिनो लोक बळी पडले असावेत, असा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाचाच अंदाज आहे.

पुढच्या काही वर्षांत चित्रांचे लक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावर खिळले. पनामा हा कोलंबियाचा प्रांत. कालव्याचा करार कोलंबियाच्या सिनेटने फेटाळताच ३ नोव्हेंबर १९०३ रोजी पनामात उठाव झाला, अमेरिकन युद्धनौका जवळ उभ्या होत्या, आणि तीन दिवसांत अमेरिकेने नव्या राष्ट्राला मान्यताही दिली. 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्ये विल्यम रॉजर्स याने रूझवेल्ट कालवा खणता खणता फावडेभर माती थेट बोगोटा या कोलंबियाच्या राजधानीवर भिरकावीत आहेत, असे चित्र काढले. १९०४ साली त्यानेच कॅरिबियन समुद्रात गुडघाभर पाण्यातून चालणारा राक्षसकाय रूझवेल्ट काढला. खांद्यावर जाडजूड सोटा आणि मागे दोरीला बांधलेली युद्धनौकांची माळ. शालेय पुस्तकांतून हे चित्र आजही भेटते. परंतु रूझवेल्ट यांना स्वतःवरची चित्रे आवडत असत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राक्षस काढला की तो बलाढ्य दिसतोच. ज्याच्यावर टीका करावयाची तोच चित्र पाहून खूष होत असेल, तर टीकेची धार कोठेतरी बोथट झाली आहे असे समजावे. रॉजर्सच्या समुद्रातील चित्रात बेटांना नावे आहेत, पण त्यांवर माणसे दिसत नाहीत.

मग ही माणसे कोणी काढली? त्यांची त्यांनीच काढली. फिलिपाईन्समध्ये १९०१ च्या राजद्रोहाच्या कायद्याने, युद्ध चालू असेतो, स्वातंत्र्याचा पुरस्कार करणे हाही गुन्हा ठरला होता. १९०७ च्या कायद्याने क्रांतिकारकांचे निशाण फडकविण्यास बंदी झाली, ती १९१९ पर्यंत टिकली. त्याच १९०७ साली मनिला येथे लोपे के. सांतोस यांच्या पुढाकाराने 'लिपांग कलाबाव' हे विनोदी साप्ताहिक निघाले. अंगाला लागताच आग उठविणाऱ्या एका रानझाडाचे हे नाव. होर्हे पिनेदा याची चित्रे त्यात येत. उघडपणे जे लिहिता येत नव्हते ते तेथे काढले जाऊ लागले. शब्दाची किंमत काय पडत होती, हे लवकरच दिसले. ऑक्टोबर १९०८ मध्ये 'एल रेनासिमिएंतो' या पत्रात 'हिंस्र पक्षी' अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक अग्रलेख आला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. पण डीन वुर्स्टर या बड्या अमेरिकन अधिकाऱ्याला त्यात आपलाच चेहरा दिसला, त्याने अब्रुनुकसानीचे खटले भरले, पत्र बंद पडले, आणि संपादक तेओदोरो कालाव व प्रकाशक मार्तिन ओकाम्पो यांना शिक्षा ठोठावण्यात आल्या. १९१४ साली दोघांना माफी मिळाली.

पुढे 'इंडिपेंडंट' साप्ताहिकात फर्नांदो अमोर्सोलो हा तरुण चित्रकार राजकीय व्यंगचित्रे काढू लागला. हाच अमोर्सोलो नंतर त्या देशाचा अत्यंत लोकप्रिय चित्रकार झाला आणि १९७२ साली पहिला राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरविला गेला. या चित्रकारांच्या पानांवर देशाला चेहरा मिळाला. हुआन दे ला क्रूझ या सामान्य माणसाची मूर्ती हळूहळू ठरत गेली: डोक्यावर वेताची रुंद टोपी, अंगात साधा सदरा, पायांत सपाता. गंमत अशी, की हे नाव रूढ केले ते मनिलात आलेल्या रॉबर्ट मॅक्युलॉक-डिक या स्कॉटिश पत्रकाराने. कोर्टाच्या आणि पोलिसांच्या नोंदीत ते सारखे आढळते म्हणून त्याने ते उचलले. आरोपीच्या पिंजऱ्यातले नाव राष्ट्राचे नाव झाले. ही चित्रे निर्दोष होती असे नाही. चिनी व्यापाऱ्यांविषयीचा आकस त्यांत वारंवार दिसतो. परंतु त्यांचा मारा केवळ परकीय गोऱ्या अधिकाऱ्यावर नव्हता. अधिकाऱ्याच्या पंगतीस बसणारे स्वदेशी जमीनदार आणि स्वातंत्र्याच्या नावावर जागा मिळविणारे पुढारी यांनाही त्यांनी सोडले नाही. अमेरिकन चित्रांत जो फिलिपिनो एकच एक पोर होता, तो येथे शेतकरी, वकील, लाचखाऊ, देशभक्त, भित्रा, धीट अशा शंभर रूपांनी आला.

अमेरिकेच्या जागतिक सत्तेवरची टीका पुढे वाढतच गेली, परंतु तिचे मोल सगळीकडे सारखे नाही. १९४७ साली सोव्हिएट चित्रकार बोरिस येफिमोव्ह याने, उत्तर ध्रुवाकडे फौज घेऊन निघालेला जनरल आयझेनहॉवर काढला. त्या चित्राची कल्पना स्टालिनची, आणि खालचा मजकूरही स्टालिनने स्वतः दुरुस्त केलेला. येफिमोव्हच्या भावाला, मिखाईल कोल्त्सोव्ह या पत्रकाराला, १९४० साली त्याच राजवटीने गोळी घातली होती. हुकुमाने काढलेल्या चित्रात शत्रूचा दोष खराही असू शकतो. पण तो काढणाऱ्याला आपल्या अंगणाकडे पाहण्याची मुभा नसते. याच्या उलट उदाहरण १९६६ चे आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेनंतर वार्ताहरांपुढे सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखविला होता. डेव्हिड लेव्हिन याने तोच प्रसंग घेतला आणि व्रणाला व्हिएतनामच्या नकाशाचा आकार दिला. ते चित्र न्यूयॉर्कमध्येच छापले गेले, आणि चित्रकाराला कोणी हात लावला नाही. टीकेचे हे स्वातंत्र्य अमेरिकेने आपल्या नागरिकांना दिले होते. मनिलाच्या संपादकांना दिले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच राष्ट्राच्या खात्यावर मांडावयास हव्यात.

फिलिपाईन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाले. पनामाचा कालवा १९९९ च्या ३१ डिसेंबरला पनामाच्या स्वाधीन करण्यात आला. या गोष्टी चित्रांनी घडविल्या नाहीत. त्या लढ्यांनी, वाटाघाटींनी आणि बदललेल्या काळाने घडविल्या. चित्रांनी एक निराळे काम केले. सत्तेची गोड उपमा जेथे जेथे बोलली गेली, तेथे तेथे तिला शरीर देऊन त्यांनी लोकांपुढे उभी केली. गिलमच्या चित्रात हिंदुस्थान जॉन बुलच्या करंड्यात बसलेला आहे, हे हिंदी वाचकाने विसरू नये. त्याच्या नावावर एकेकाळी असेच ओझे मांडले गेले होते. म्हणून अशा जुन्या चित्रासमोर उभे राहणाऱ्याने पुढच्या धिप्पाड मूर्तीवरून नजर काढून खाली वाकलेल्या पाठीकडे आधी पाहावे, आणि त्या पाठीच्या माणसाला चित्रकाराने चेहरा दिला आहे की नाही, एवढे तपासावे.